युझुरू हान्यू आणि साडेचार गिरक्यांचे गणित

फिगर स्केटिंगमध्ये सहा प्रमुख उड्या आहेत आणि त्यांपैकी अ‍ॅक्सेल ही एकच उडी खेळाडू समोर तोंड करून घेतो. बाकीच्या पाच उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात. उतरायचे मात्र प्रत्येक उडीत पाठमोरेच असते, त्यामुळे अ‍ॅक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्तीची पडते. नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉल्सनने १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे ही उडी प्रथम घेतली, तेव्हा ती दीड गिरकीची होती. अमेरिकेच्या डिक बटनने १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये ती अडीच गिरक्यांची केली, तर कॅनडाच्या व्हर्न टेलरने १९७८ मध्ये साडेतीन गिरक्यांपर्यंत नेली. पुढची पायरी साडेचार गिरक्यांची होती. जपानच्या युझुरू हान्यूने आपल्या कारकिर्दीची शेवटची काही वर्षे या पायरीसाठी खर्ची घातली. ही पायरी इतकी अवघड का, हे समजले की त्याच्या कारकिर्दीतले बरेच काही उलगडते.

हान्यूचा जन्म ७ डिसेंबर १९९४ रोजी सेंदाई येथे झाला. लहानपणापासून त्याला दमा होता. चार वर्षांचा असताना थोरल्या बहिणीच्या मागोमाग तो रिंकवर गेला. दमेकऱ्याने गोठवणाऱ्या हवेत धापा टाकीत खेळावे, ही वैद्यकीयदृष्ट्या फारशी सोयीची गोष्ट नव्हे. थंड आणि कोरडी हवा वेगाने आत घेतली की श्वासनलिकांच्या अस्तरातील उष्णता व ओलावा निघून जातो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात. पुरुषांचा दीर्घ कार्यक्रम (स्पर्धेच्या लघु आणि दीर्घ या दोन भागांपैकी दुसरा) त्या काळी साडेचार मिनिटांचा असे, आणि त्यातील उत्तरार्धाच्या उड्यांना वाढीव गुण मिळत. म्हणजे दम संपत आला असतानाच सर्वांत अवघड काम करायचे.

११ मार्च २०११ रोजी पूर्व जपानला महाभूकंपाने हादरवले, तेव्हा सोळा वर्षांचा हान्यू सेंदाईच्या रिंकवर सराव करीत होता आणि पायांतले स्केट न काढताच तो बाहेर पळाला. रिंक बंद पडले, कुटुंबाला काही दिवस निवारा केंद्रात काढावे लागले. त्यानंतरचे महिने त्याने देशभरच्या स्केटिंगच्या प्रदर्शनी कार्यक्रमांत भाग घेत आणि तिथेच मिळेल तेवढा सराव करीत घालवले. पुढच्याच वर्षी नीस येथील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले आणि मग तो टोरांटोला ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायला गेला. २०१४ मध्ये सोची येथे एकोणिसाव्या वर्षी तो ऑलिंपिक विजेता झाला. पुरुष एकेरीत हा मान मिळवणारा तो पहिला आशियाई.

आता गणिताकडे वळू. बर्फ सोडल्यानंतर खेळाडू हवेत किती वेळ राहणार, हे त्याच्या उडीच्या उंचीवरूनच ठरते. त्यात नंतर काहीही बदल करता येत नाही. साठ सेंटिमीटर उंच उडी घेतली तर सुमारे ०.७ सेकंद मिळतात. ते ०.८ करायचे तर अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर उंची लागते, आणि दुप्पट वेळ हवा असेल तर उंची चौपट, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर व्हायला हवी, जे कोणत्याही माणसाच्या पायांना शक्य नाही. वेळ वाढवण्याचा मार्ग असा लवकरच बंद होतो आणि फिरण्याचा वेग वाढवणे एवढाच उपाय उरतो. साडेचार गिरक्यांसाठी सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांच्या घरात जावे लागते.

हा वेग कोठून येतो? फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसावे, कोणाला तरी ढकलायला सांगावे आणि मग हात छातीशी घ्यावेत. खुर्ची एकदम जोरात फिरू लागते. शरीराचे वस्तुमान अक्षाच्या जितके जवळ, तितका वेग जास्त, कारण हवेत असताना कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, कायम राहतो. मात्र हा संवेग हवेत निर्माण करता येत नाही, तो बर्फावरूनच न्यावा लागतो. अ‍ॅक्सेलमध्ये डाव्या पायाच्या पात्याची बाहेरची कड वक्र रेषेत सरकत असते, गुडघा खोल वाकलेला असतो आणि उजवा पाय मागून पुढे, वरच्या दिशेने झेपावतो. हा पाय आणि दोन्ही हात अक्षापासून दूर फिरवल्याने संवेग मिळतो, पण क्षणार्धात ते सर्व आवळून सरळ रेषेत आणावे लागते. उशीर झाला तर ०.७ सेकंदातला मोठा हिस्सा संथ फिरण्यातच जातो आणि घाई केली तर उंची मिळत नाही.

उतरताना हिशेब चुकता होतो. बर्फावर टेकताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट बल येते, आणि घोट्याला आधार देणारा ताठ बूट त्या घोट्याला फारसे वाकू देत नाही, त्यामुळे धक्का गुडघा, नितंब आणि कण्याकडे जातो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरावात चार गिरक्यांची लुट्झ (सहा प्रमुख उड्यांपैकी एक) घेताना हान्यूच्या उजव्या घोट्याचे अस्थिबंध दुखावले. उतरण्याचा पाय तोच. तीन महिन्यांनी प्योंगचांग येथे त्याने दुसरे सुवर्णपदक जिंकले. सलग दोनदा हे पदक जिंकणारा यापूर्वीचा पुरुष म्हणजे वर उल्लेखलेला डिक बटन, तोही १९४८ आणि १९५२ मध्ये. अशा जिद्दीचे कौतुक करताना हात आखडता घ्यावासा वाटतो, कारण २०१४ मध्ये शांघाय येथे सरावफेरीत दुसऱ्या खेळाडूवर आदळल्यानंतर डोक्याला पट्टी बांधून तो स्पर्धेत उतरला आणि पाच वेळा पडला. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी खेळाडूला मैदानाबाहेर ठेवावे, हे क्रीडावैद्यकाचे साधे तत्त्व आहे. त्या दिवशी त्याला अडवायला हवे होते.

हान्यूला स्वतःलाही या यंत्रणेचे कुतूहल होते. वासेदा विद्यापीठातील पदवीसाठी त्याने स्केटिंगमध्ये हालचालींचे संगणकीय मापन कसे वापरता येईल, या विषयावर प्रबंध लिहिला. उडीच्या सुरुवातीला बर्फावरच किती फिरून घेतले गेले आणि उतरताना गिरकी किती अपुरी राहिली, हे परीक्षकांना डोळ्यांनी ठरवणे कठीण जाते, आणि पाव फेरीच्या फरकाने गुण बदलतात. तेव्हा ही मोजणी यंत्रावर सोपवता येईल का, हा प्रश्न रास्तच होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग येथे लघु कार्यक्रमात त्याचे पाते बर्फातल्या खळग्यात अडकले, चार गिरक्यांची उडी एकीवर आली आणि तो आठव्या स्थानावर गेला. त्यानंतर सरावात घोटा मुरगळला. तरीही दीर्घ कार्यक्रमाची सुरुवात त्याने साडेचार गिरक्यांच्या अ‍ॅक्सेलनेच केली. तो पडला आणि गिरकीही किंचित अपुरी ठरली, पण अधिकृत निकालात या उडीची नोंद प्रथमच झाली. अंतिम क्रमवारीत तो चौथा आला. जुलैमध्ये त्याने स्पर्धांना निरोप दिला आणि तो व्यावसायिक कार्यक्रमांकडे वळला.

सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे सतरा वर्षांच्या इल्या मालिनिनने ही उडी स्पर्धेत प्रथमच पूर्ण केली. त्या वेळी गुणतक्त्यात तिचे मूळ मूल्य १२.५० होते, आणि चार गिरक्यांच्या लुट्झचे ११.५०. अर्ध्या गिरकीसाठी लागणारा वेग आणि पडण्याची जोखीम पाहता एका गुणाचा हा फरक अगदीच तुटपुंजा होता, आणि निव्वळ गुणांचा विचार करणाऱ्या स्पर्धकाने या उडीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे ठरले असते.