सरासरी घसरली, म्हणजे विद्यार्थी घसरले का?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, सलाइना इथं १८९५ साली झालेल्या आठवीच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं फिरते आहे. ‘कॅपिटल अक्षरं वापरण्याचे नऊ नियम सांगा’, ‘दोन फूट खोल, दहा फूट लांब, तीन फूट रुंद गाडीत किती बुशेल गहू मावेल?’ असे प्रश्न त्यात आहेत. निष्कर्षही सोबत तयार असतो: बघा, सरकारी शाळांचा दर्जा किती ढासळला! मला हे पटत नाही. काय विचारलं होतं ते प्रश्नपत्रिकेवरून कळतं. किती मुलांना काय लिहिता आलं, ते कळत नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेत सतरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ६ टक्के हायस्कूल पूर्ण करत. उरलेल्यांची तुलना आपण कोणाशी करणार?

गुणांचे आकडे हा त्याहून बरा पुरावा. कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत १९६३ साली भाषेची सरासरी ४७८ होती, १९८० साली ती ४२४ झाली. गणिताची ५०२ वरून ४६६ वर आली. या घसरणीने देश हादरला. माजी कामगारमंत्री विलर्ड वर्ट्झ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७७ साली अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की १९७० पर्यंतच्या घसरणीचा मोठा भाग परीक्षेला बसणारी मुलंच बदलल्यामुळे आहे. त्यानंतरच्या घसरणीत मात्र या कारणाचा वाटा बराच लहान आहे.

‘मुलंच बदलली’ ही पळवाट वाटते. ती तशी नाही, आणि गणितातली ही गंमत मला फार आवडते, म्हणून थोडं थांबून बघू.

समजा शंभर मुलं आहेत. ९० मुलं सुस्थितीतल्या घरांतली, त्यांना सरासरी ८० गुण. १० मुलं पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतली, त्यांना ५०. एकूण सरासरी ७७. काही वर्षांनी शाळा सुधारते. पहिल्या गटाला ८३ मिळतात, दुसऱ्याला ६०. पण आता दुसऱ्या गटातली मुलं ४० आहेत, पहिल्यातली ६०. सरासरी काढा: ७३.८. दोन्ही गट वर चढले आणि सरासरी ३.२ ने खाली आली! याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी तो १९५१ साली मांडला. त्याआधी १९०३ साली उडनी यूल यांनीही तो दाखवला होता.

ही घट फोडून पाहता येते. जुनी प्रमाणं तशीच ठेवली, तर गुणवाढीचा परिणाम ०.९ × ३ + ०.१ × १० = +३.७. नवे गुण धरून प्रमाणबदलाचा परिणाम काढला, तर ०.३ × (६० − ८३) = −६.९. बेरीज −३.२. पण प्रमाणं नवी आणि गुण जुने धरले तर हेच दोन भाग +५.८ आणि −९ असे येतात! बेरीज तीच, वाटणी वेगळी. म्हणून ‘घसरणीचा अमुक टक्के भाग मुलं बदलल्यामुळे’ असं कुणी म्हणालं, की प्रमाणं कुठल्या वर्षाची धरली ते विचारायचं. एव्हलिन किटागावा यांनी १९५५ साली दोन्ही वर्षांच्या प्रमाणांची सरासरी घेण्याची पद्धत दिली. तिने आपल्या उदाहरणात +४.७५ आणि −७.९५ येतात.

खऱ्या आकड्यांतही असंच काहीसं दिसतं. अमेरिकेत देशपातळीवर दीर्घकाळ चालत आलेल्या चाचणीत सतरा वर्षांच्या मुलांची वाचनाची सरासरी १९७१ साली २८५ होती, २०१२ साली २८७. चाळीस वर्षांत जणू काहीच घडलं नाही. पण गट वेगळे काढले, तर गोरी मुलं २९१ वरून २९५ वर आणि कृष्णवर्णीय मुलं २३९ वरून २६९ वर गेलेली दिसतात. हिस्पॅनिक मुलांची वेगळी नोंद १९७५ पासूनची आहे. तीही २५२ वरून २७४ वर गेली.

म्हणजे दर्जा घसरल्याची ओरड कायम चुकीचीच, असं मात्र नाही. त्याच चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांची गणिताची सरासरी २०१२ साली २८५ होती, २०२० च्या फेरीत २८०, २०२३ साली २७१. २०२० च्या फेरीची ही चाचणी शाळा बंद पडण्याआधी, २०१९ च्या शेवटच्या महिन्यांत झाली होती, त्यामुळे पहिली घट महामारीच्या माथी मारता येत नाही. त्या पहिल्या घटीत सर्वांत वरची मुलं जवळपास होती तिथंच राहिली; सर्वांत खालची मुलं ठळकपणे खाली गेली. पाच गुणांच्या सरासरी घटीत ही मुलं दिसतच नाहीत.