वगळण्यातून वाढलेला जेसन

आयकर विवरणपत्र संगणकावर तयार करून पोर्टलवर चढवणाऱ्यांना २०२१ साली एक बदल दिसला : तोवर एक्सएमएल या माहिती लिहिण्याच्या जुन्या स्वरूपात बनणारी फाइल आता जेसन स्वरूपात बनू लागली. वस्तू व सेवा कराचे ऑफलाइन साधनही जेसन फाइलच तयार करते.

जेसन म्हणजे माहिती लिहिण्याची एक शिस्त. {"गाव": "सासवड", "तालुका": "पुरंदर", "जिल्हा": "पुणे"} या ओळीत प्रत्येक मूल्याच्या आधी त्याचे नाव लिहिलेले आहे, त्यामुळे नोंदींचा क्रम बदलला तरी वाचणारा प्रोग्राम गोंधळत नाही. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सएमएलमध्येही हे साधते. पण तिथे प्रत्येक नाव उघडताना आणि मिटताना असे दोनदा लिहावे लागते. शिवाय जेसनची मांडणी जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्याच व्याकरणातून उचललेली असल्याने ब्राउझरला ती पहिल्यापासून ओळखीची होती, आणि संपूर्ण पान पुन्हा न मागवता त्यातला एखादा भागच ताजा करणारी संकेतस्थळे वाढली तशी तिला मागणी आली. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकी प्रोग्रामरांनी २००१ च्या सुमारास तिचा पुरस्कार सुरू केला. आपण तिचा शोध लावला नाही, ती आपल्याला सापडली, असे ते सांगत आले आहेत. एक्मा या मानक संस्थेची मोहोर २०१३ मध्ये उमटली, तोवर प्रसार होऊनही गेला होता.

क्रॉकफर्ड यांचा खरा निर्णय मला वगळण्याचा वाटतो. फाइलमध्ये टिपा लिहिण्याची सोय त्यांनी मुद्दाम काढली, कारण काही जण त्या टिपांतूनच प्रोग्रामला छुप्या सूचना देऊ लागले होते, आणि तसे चालू राहिले असते तर एकाची फाइल दुसऱ्याला नीट वाचता आली नसती. (हाताने फाइली लिहिणारे यावरून अजून कुरकुरतात, आणि ती कुरकुर अगदीच अनाठायी नाही.)

या काटकसरीची किंमतही आहे. जेसनमध्ये तारखेला स्वतंत्र प्रकार नाही. ०३-०४-२०२४ हा मार्च की एप्रिल, हे देणाऱ्या-घेणाऱ्यांनी आपसात ठरवायचे. संख्या किती मोठी असावी यालाही बंधन नाही, पण जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्या ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे नेमक्या राहतीलच असे नाही. २०१० मध्ये ट्विटरचे संदेश-क्रमांक ही मर्यादा ओलांडू लागले, तेव्हा प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवावा लागला : एकदा संख्या म्हणून आणि एकदा अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून.