एम-टू म्हंजे एनव्हीएमई नाही हो भाऊ

दर आठ दिवसांनी कुणीतरी विचारते, घरचा जुना पीसी लय स्लो झाला, हार्ड डिस्कच्या जागी एम-टू एसएसडी टाकून घेऊ का? मी विचारतो कोणती एम-टू, तर उत्तर येते "तीच ना, फास्टवाली". इथंच सगळा घोळ आहे.

हार्ड डिस्क काय असते ते तुम्हाला माहीत आहे, त्यावर टाइम घालवत नाही. एवढंच सांगतो की ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक बारीक फाइल शोधायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात आणि विंडोजला चालू होताना अशा हजारो फायली पाहिजेत, म्हणून तुम्ही बटन दाबून चहा मांडायला जाता. एसएसडीत डेटा चिपवर असते, फिरणारं काहीच नाही, तिथं हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होते. झालं.

आता मेन गोष्ट. एम-टू हे एसएसडीच्या मापाचं नाव आहे, स्पीडचं नाही! २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब पट्टी, म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असते. त्या पट्टीतून डेटा जायचे रस्ते दोन: साटा, जो सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थकते, आणि एनव्हीएमई, जी पीसीआयईवरून (ग्राफिक्स कार्ड ज्यावर चालते तो मदरबोर्डचा फास्ट रस्ता) जाते आणि त्याच्या तिसऱ्या पिढीवर, म्हंजे जेन थ्रीवर, सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत पोचते. पट्टी दिसायला सेम, स्लॉट सेम, स्क्रूपण सेम, पण स्लॉटला जो रस्ता जोडलाच नाही तिथून डेटा जाणार कसा? सोनेरी पिनांत एक खाच असली तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असल्या तर बहुतेक साटा. बहुतेक म्हणतो कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमईपण निघाल्या आहेत, म्हणून खाचा मोजून पैसे देऊ नका, लेबल वाचा.

माझ्या मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपचं हेच झालं. नागपूरच्या बर्डीवर एका दुकानात "लागून जाईल ना भाऊ" म्हणून एनव्हीएमई हातात दिली. लागलीपण, एकदम फिट, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) तिचं नावच नाही. मे महिना, कूलरसमोर फरशीवर बसून आम्ही दोघं रात्री एक वाजेपर्यंत ती काढून लावून राहिलो, शेवटी मॉडेलची स्पेसिफिकेशन शीट उघडली तर स्लॉट फक्त साटाचा. ती शीट आधी पाहिली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

आणि डेस्कटॉप २०११-१२ चा असला, एच-६१ चिपसेटच्या मदरबोर्डवाला वगैरे, तर त्यावर बहुतेक एम-टूचा स्लॉटच नसते. मग कुणी एम-टू लावायचं अ‍ॅडॉप्टर कार्ड सुचवते. कार्ड लागते, विंडोजमध्ये ड्राइव्हपण दिसते, पण जुना बायोस एनव्हीएमईवरून बूट करत नाही, विंडोज चालू होत नाही, म्हंजे ज्यासाठी घेतली तेच होत नाही. बायोस मॉड करायचे, म्हंजे त्यात बदल करायचे, व्हिडिओ पाहून घरच्या एकुलत्या पीसीवर प्रयोग करू नका बाप्पा.

म्हणून माझं ठाम मत: अडीच इंची साटा एसएसडी घ्या, पट्टी नाही, केबलनं जोडायची चपटी डबी. ४८० किंवा ५०० जीबीची, २४० ची नको, ती सहा महिन्यांत भरते. एच-६१ वर बहुतेक साटा-टूच (साटाची जुनी, हळू पिढी) पोर्ट असतात, त्यामुळे स्पीड अर्धा मिळेल, २७० एमबीच्या आसपास, तरी रोजच्या कामात कळणारसुद्धा नाही, कारण पीसी अडकत होता तो त्या १२ मिलिसेकंदांत. "रिफर्बिश्ड" हार्ड डिस्क मात्र कुणी फुकट दिली तरी विंडोजसाठी लावू नका.

कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसली तर डबल टेपनं चिकटवा, आत काही हलत नाही, चालते. मदरबोर्ड कोणता ते पाहायला एमएसइन्फो३२ (msinfo32) रन करा, बेसबोर्ड प्रॉडक्टसमोर (BaseBoard Product) नाव येते. बायोसमध्ये साटा मोड आयडीईवर (IDE, जुनी पद्धत) असला तर आधी एएचसीआय (AHCI, नवी पद्धत) करा, मग नवीन विंडोज टाका. आणि टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, नाहीतर बूटच्या फायली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि ती ज्या दिवशी मरते त्या दिवशी नवीन एसएसडीपण चालू होत नाही.