कानो मॉडेल आलं कुठून

मे महिन्यात नागपुरात कूलर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिले विचारतं हवा किती फेकते, टाकीत पाणी किती मावते, रिमोट दाखवला की लेकरं खुश. बॉडीला करंट तर नाही ना येत, हे बहुतेक जण विचारतही नाहीत, ते धरूनच चालतात, आणि एकदा करंट लागला की मग हवा कितीही गार असो, तो कूलर दुकानात परत.

जपानच्या नोरिआकी कानो या गुणवत्तेच्या अभ्यासकांनी हेच पकडलं, कोणत्या गोष्टीनं गिऱ्हाईक खुश होतं आणि कोणती नसली की भडकतं याची त्यांची विभागणी म्हणजे कानो मॉडेल. आधीचा हिशोब सरळ होता, चांगलं द्या, ग्राहक तेवढा खुश. याला धक्का खरं तर नोकरीच्या अभ्यासातून बसला. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गनं अमेरिकेतल्या पिट्सबर्ग भागातल्या साधारण २०० इंजिनिअर अन् अकाउंटंटच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये मांडलं की पगार, साहेबाची वागणूक बिघडली की माणूस वैतागतो, पण ती सुधारली म्हणून तो कामात रमेलच असं नाही, रमवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. कानोंनी हा विचार वस्तूंना लावला आणि १९८४ मध्ये तीन सहकाऱ्यांसोबत पेपर छापला.

मला त्यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती प्रश्नांची जोडी. एकाच गोष्टीबद्दल दोनदा विचारायचं, असली तर कसं वाटेल आणि नसली तर कसं वाटेल, उत्तरं पाच, आवडेल, असायलाच पाहिजे, फरक नाही, चालवून घेईन, आवडणार नाही, म्हणजे २५ खान्यांचा तक्ता. रिमोट असला तर आवडेल, नसला तरी फरक नाही, म्हणजे तो आकर्षक. हवा जास्त तर आवडेल, कमी तर नाही आवडणार, ही सरळ रेषेवाली, जेवढी जास्त तेवढी खुशी. करंट न येणं म्हणजे असायलाच पाहिजे. नुसतं 'काय पाहिजे' विचारलं असतं तर करंटचं नाव यादीत आलंच नसतं!

आणि हे खाने कायमचे नसतात. टीव्हीचा रिमोट जपानी ग्राहकांना १९८३ मध्ये आकर्षक होता, १९८९ पर्यंत सरळ रेषेवर आला आणि १९९८ मध्ये असायलाच पाहिजे झाला, कानोंनीच हे दाखवलं.

मागच्या उन्हाळ्यात ओळखीच्या दुकानात बसून मी ही जोडी कूलरखालच्या चाकांबद्दल विचारून पाहिली. चाकं असली तर, म्हटल्यावर काकू काहीच बोलल्या नाहीत, नसली तर, म्हटल्यावर लगेच, "मंग एवढा पाण्यानं भरलेला कूलर सरकवाचा कसा?"