डाग भरला, म्हणून लाईट बंद करू नका

"कपाळाचा डाग भरला, आता लाईट थांबवली तर चालेल ना?" हा प्रश्न आमच्या कोडावरच्या लाईट उपचाराच्या केंद्रात रोज येतो. विचारणारे तरी बरे. बरेच जण न सांगता थांबतात आणि काही महिन्यांनी त्याच जागी पांढरा डाग घेऊन येतात.

त्याच जागी का? कोडात आपल्याच प्रतिकारशक्तीतल्या टी पेशी रंगपेशींवर उठतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं प्रथिन सोडतात. ते मिळालं की त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी सीएक्ससीएल १० हे दुसरं प्रथिन सोडतात. त्या हाकेवर रक्तातून आणखी टी पेशी तिथे येतात आणि डाग पसरतो. रंग परतला तरी काही टी पेशी त्या जागी मुक्काम ठोकून असतात. इंटरल्यूकिन १५ हे आणखी एक प्रथिन त्यांना जगवतं. उपचार मध्येच सुटला की त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणून कधी थांबायचं ते तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

आमची ३११ नॅनोमीटरची, म्हणजे अतिनील किरणांची लाईट या टी पेशींना आवरते आणि केसांच्या मुळाशी उरलेल्या रंगपेशींना वर आणते. सुरुवातीला डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसतात ते त्याचेच. चेहरा लवकर भरतो, बोटांची टोकं फार चिवट. आठवड्यातून २-३ वेळा या, पण लागोपाठच्या दिवशी नको. निदान ४८ वेळा लाईट घेतल्याशिवाय "गुण नाही" म्हणू नका.

खाड्याचं मात्र आम्ही कडक पाळतो. आठवड्याहून जास्त खाडा झाला तर डोस पाव भागाने कमी, दोन आठवड्यांवर निम्मा, तीन आठवड्यांवर पुन्हा पहिल्यापासून. भाचीच्या लग्नाहून महिन्याने परतलेल्या एका ताई "जुनाच डोस द्या, मला सोसतो" म्हणून अडून बसल्या होत्या. आम्ही दिला नाही. त्वचा भाजली असती, आणि भाजल्या जागी कोडाचा नवा डाग उठू शकतो. यात तुमचे पैसे आणि दिवस जातात, हे आम्हालाही लागतं.

अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळालेल्या रुक्सोलिटिनिब क्रीमबद्दलही विचारणा होते. इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोहोचू न देणं, हे तिचं काम. ती आम्ही विकत नाही, डॉक्टरांशी बोला.

खाडे पडू नयेत म्हणून आम्ही सकाळी ७ ला उघडतो, रविवारीही अर्धा दिवस चालू असतो. दर १२ वेळांनंतर वूड्स लॅम्प, म्हणजे डाग उठून दाखवणाऱ्या दिव्याखाली फोटो काढतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. गावाला जाणार असाल तर आधी सांगा; जायच्या आदल्या दिवशीची वेळ तुमच्यासाठी राखून ठेवू.