कोलोनोस्कोपीला सोबत जाताना

डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेरा लावलेली नळी गुदद्वारातून घालून मोठ्या आतड्याची तपासणी सांगितली, की ज्याची तपासणी असते तो गप्प होतो आणि बाकीचं घर त्याला समजावू लागतं. 'अहो, काही होत नाही. आजकाल कळतसुद्धा नाही.'

हा दिलासा मायेपोटीच असतो, पण त्याचा उपयोग फारसा होत नाही. इंजेक्शन घेणाऱ्या लहान मुलांजवळ आईवडील काय बोलतात, हे संशोधकांनी अनेकदा नोंदवलं आहे. 'काही नाही, घाबरू नकोस' असं वारंवार म्हटलं जातं तिथे मुलं जास्त रडवेली दिसतात. गप्पांत गुंतवलं, फुंकर मारायला सांगितलं, तर त्रास कमी दिसतो. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. डॉक्टर एल्व्हिरा लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2005 सालचा अभ्यास सांगतो, की उपचारादरम्यान 'आता दुखेल हं' असा इशारा दिला तर रुग्णाला वेदना आणि चिंता दोन्ही जास्त जाणवतात. दुखून गेल्यावर 'फार दुखलं ना?' अशी हळहळ व्यक्त केली तर वेदना वाढत नाही, पण चिंता वाढते.

मग बोलायचं तरी काय? जीन जॉन्सन आणि हॉवर्ड लेव्हेंथाल या संशोधकांनी 1970च्या दशकात एंडोस्कोपीच्या, म्हणजे घशातून नळी घालून पोट तपासायच्या, रुग्णांना आधीच सांगून पाहिलं, की आत काय दिसेल, काय ऐकू येईल, अंगाला काय जाणवेल. या रुग्णांना शांत करणारं औषध कमी लागलं. कोलोनोस्कोपीपुरतं सांगायचं, तर डाव्या कुशीवर झोपवतील, आतडं फुगवायला हवा किंवा वायू सोडतील, पोट तट्ट झाल्यासारखं वाटेल, शौचाला लागल्यासारखं होईल आणि ते ओसरेल. 'दुखेल' किंवा 'दुखणार नाही' असा निवाडा आपण द्यायचाच नाही. घडणार आहे ते मात्र खरं सांगायचं.

खरा त्रास बहुतेकांना आदल्या रात्रीचा होतो. पोट साफ करायच्या औषधात बहुधा पॉलिथिलीन ग्लायकॉल असतं. ते आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही, पाणी धरून ठेवतं आणि सगळं धुऊन बाहेर काढतं. म्हणून ते दोन ते चार लिटर प्यावं लागतं. अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे घेतलं तर आतडं अधिक स्वच्छ होतं. मळ राहिला तर लहानसा पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) नजरेतून निसटू शकतो, कधी सगळी तपासणीच पुन्हा करावी लागते. इथे सोबतच्या माणसाला खरंखुरं काम आहे. औषध थंड करून ठेवा, वेळेवर ग्लास हातात द्या, बाथरूम मोकळं ठेवा, आणि त्यांच्यासमोर बसून पोहे खाऊ नका. नारळपाणी चालतं, कोकम सरबत नको, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसू शकतो. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

तपासणीच्या खोलीत नातेवाइकांना सहसा सोडत नाहीत. पण दाराबाहेर वाट पाहतानाच काळजी सगळ्यात जास्त दाटते, आणि तिथे हात हातात घेता येतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी 2006 साली 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून विजेच्या सौम्य झटक्याची भीती घातली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची हालचाल मंदावली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण नवऱ्याच्या हाताइतका नाही. आणि संसार जितका समाधानाचा, तितका परिणाम अधिक.

आठवणींबद्दलही एक गोष्ट ठाऊक असावी. डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना असं आढळलं, की कोलोनोस्कोपी किती वेळ चालली यापेक्षा सर्वात वाईट क्षण आणि शेवटचे क्षण कसे गेले, यावर तिची आठवण ठरते. 2003 साली त्यांनी 682 रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांच्या बाबतीत शेवटी नळीचं टोक लगेच न काढता थोडा वेळ तसंच स्थिर ठेवलं. तपासणी लांबली, तरी या रुग्णांनी ती कमी त्रासदायक असल्याचं सांगितलं. तपासणीचा शेवट आपल्या हातात नसतो. तरी मला वाटतं, बाहेर आल्यावर घाई न करणारं, ओळखीचं माणूस पहिल्यांदा दिसणं आपल्या हातात नक्की असतं.

मिडाझोलामसारखं गुंगी आणणारं औषध दिलं असेल तर एक खबरदारी फार महत्त्वाची. माणूस डोळे उघडून बोलतो, डॉक्टरांना 'हो हो' म्हणतो आणि घरी आल्यावर त्यातलं काहीच आठवत नाही, कारण हे औषध नव्या आठवणी काही काळ साठूच देत नाही. म्हणून डॉक्टरांचं बोलणं तुम्ही ऐका आणि लिहून घ्या. पॉलिप काढला का, तुकडा तपासणीला पाठवला का, रिपोर्ट कधी येणार, बंद केलेल्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे विचारा. त्या दिवशी त्यांना गाडी चालवू देऊ नका, कसल्या कागदावर सहीही करू देऊ नका. पोटातला वायू सरायला थोडं चालणं बरं. पण पोटात जोराची कळ येऊन थांबेना, ताप आला किंवा शौचावाटे बरंच रक्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.