लांबच्या ट्रिपला निघताय? कार्ब्युरेटरला पाना लावायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी. लांबच्या ट्रिपचे दिवस आले की आमच्या गॅरेजचा फोन वाजायला लागतो आणि बहुतेक फोनांची गोष्ट एकच असते. एमजीबी असो, ट्रायम्फ स्पिटफायर असो नाहीतर हीली, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी शे-दोनशे किलोमीटर झकास पळाली, मग चढावर झटके खायला लागली, मालकांनी साइडला घेतली, बॉनेट उघडलं, समोर दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवेचं मिक्श्चर करून इंजिनला देणारे) दिसले आणि हातात पाना होताच. "मी जरा मिक्श्चर सेट करून बघितलं, पण आता ती आयडलवरही थांबत नाहीये." हे वाक्य आम्हाला पाठ झालंय.

म्हणून हे पत्रक. ऑइल कुठे बघायचं, चोक कधी आत ढकलायचा हे तुम्हाला सांगत बसत नाही, या गाड्या चालवणाऱ्याला ते माहीत असतंच. सांगायचंय ते एवढंच की रस्त्यात गाडीने त्रास दिला तर मिक्श्चरच्या नटाला हात लावू नका. का ते नीट सांगतो, म्हणजे आमच्यावर राग नको.

एसयू कार्ब्युरेटरमध्ये हलणारे पार्ट मोजकेच, पिस्टन, त्याला लटकलेली सुई, खालचा जेट (ज्यातून पेट्रोल येतं) आणि फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग). जेटच्या नटाला, म्हणजे मिक्श्चरच्याच नटाला, स्प्रिंग असते, तो आपला आपण फिरत नाही. म्हणजे सकाळी निघताना गाडी व्यवस्थित होती तर दुपारी मिक्श्चर बिघडायला कारणच नाही. अचानक होऊ शकतं ते एवढंच की फ्लोटच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, ते डोळ्याला दिसतं आणि नाकालाही कळतं (तसं झालं तर आधी इंजिन बंद आणि सिगारेटवाला मित्र लांब), किंवा पिस्टन चिकटतो, तो एअर फिल्टर काढून बोटाने वर उचलून सोडला की कळतं, टक् आवाज करून खाली बसला पाहिजे. दोन्हीत नट फिरवायची गरज पडत नाही.

आता तो नट फिरवला की काय होतं बघा. त्याला सहा बाजू असतात आणि एक बाजू म्हणजे एक फ्लॅट फिरवला तरी इंजिनला फरक कळतो, खाली घेतला की मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), वर घेतला की लीन (पेट्रोल कमी). कार्ब्युरेटर दोन आहेत आणि ते जुळलेले असतात. लोक पुढचा दोन फ्लॅट फिरवतात, जमलं नाही की मागचा फिरवतात, मग पुन्हा पुढचा, मग किती फिरवला तेच आठवत नाही, शेवटी आयडलचे स्क्रूही आवळतात. गाडी टोइंग होऊन आमच्याकडे आली की मूळ बिघाड शोधायच्या आधी आम्हाला दोन्ही जेट वर आणून ब्रिजच्या (जेट ज्यातून वर डोकावतो त्या कठड्याच्या) लेव्हलला लावायचे, तिथून बारा फ्लॅट खाली, मग दोन्हींची हवा बॅलन्स करायची, मग गरम इंजिनवर पुन्हा फाइन सेटिंग. तोपर्यंत प्लग काळे झालेले असतात, ते साफ करायचे. ह्यात अर्धा दिवस जातो आणि त्यानंतर कळतं की मूळ दुखणं एक छोटीशी तुटकी वायर होती. बिलात तो अर्धा दिवस दिसला की काही जणांना वाटतं आम्ही उगाच वाढवलंय, पण काम तर झालेलं असतं ना.

म्हणून आमच्याकडून ट्युनिंग होऊन गेलेल्या गाडीत दोन्ही जेट नटांवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या) क्लॅम्पच्या बोल्टवर पिवळ्या पेंटची बारीक रेघ असते, अर्धी नटावर अर्धी बॉडीवर. एकाने ती डाग समजून थिनरने पुसून आणली होती. कृपया पुसू नका. रेघ जुळलेली असेल तर आम्ही तिथलं सेटिंग पुन्हा तपासत बसत नाही, तेवढा वेळ तुमचाच वाचतो.

मग बघायचं काय?

पहिला प्रश्न, गाडी कशी मेली? स्विच बंद केल्यासारखी एकदम, की आधी ताकद कमी होत, फुरफुरत, हळूहळू? एकदम मेली तर बहुतेक वेळा इग्निशन. हळूहळू मेली तर पेट्रोल, कारण फ्लोट चेंबरमध्ये थोडं उरलेलं असतं आणि ते संपेपर्यंत इंजिन ओढत राहतं. त्या फुरफुरण्याच्या वेळी चोक थोडा ओढून बघा, सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय हे जवळपास नक्की.

इलेक्ट्रिक टॅकोमीटर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारं मीटर, असेल (एमजीबीमध्ये सुरुवातीची वर्षं सोडून तोच आहे) तर अजून सोपं. गाडी चालत्या गिअरमध्ये असताना, इंजिन चाकांमुळे फिरत असतानाच टॅकोचा काटा शून्यावर पडला तर लो टेन्शनचा (इग्निशनचा कमी व्होल्टेजचा) करंट तुटलाय, कार्ब्युरेटरकडे बघूही नका. ट्रायम्फ टीआर६ चा टॅको केबलवर चालतो, तिथे ही ट्रिक चालणार नाही. आणि तुमची टीआर६ ल्युकसच्या पेट्रोल इंजेक्शनची असेल तर कार्ब्युरेटरचा प्रश्नच नाही, तुमचे प्रश्न वेगळे आहेत, या आणि बसून बोलू.

इग्निशनमध्ये नेहमीचे गुन्हेगार तीन. पहिला कॉन्डेन्सर, पॉइंटवरची ठिणगी दाबणारा. गरम झाला की आतलं इन्सुलेशन दगा देतं, स्पार्क मरतो, गाडी बंद. वीस मिनिटं थांबलात, थंड झाला, गाडी लगेच सुरू, आणि मालक म्हणतात "व्हेपर लॉक होता" (पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडलं). मग पुन्हा तेवढंच अंतर गेल्यावर पुन्हा तेच. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि पॉइंटकडे (आतल्या उघडझाप करणाऱ्या स्विचकडे) बघा, तिथे मोठ्या ठिणग्या उडत असतील तर कॉन्डेन्सर गेलाय. दुसरा रोटर आर्म, कॅपखाली फिरून एकेका प्लगला करंट देणारा. हल्ली बाजारात मिळणाऱ्या काही रोटर आर्ममध्ये पितळेची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते आणि त्या रिव्हेटमधून करंट खाली शाफ्टला जातो. नवीन दिसतो, चकचकीत असतो, तरी गेलेला असतो. आम्ही रिव्हेट नसलेलेच वापरतो, थोडे महाग पडतात.

तिसरा गुन्हेगार सगळ्यात फसवा. डिस्ट्रिब्युटरच्या आत, बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक छोटीशी मऊ वायर जाते. व्हॅक्युम ॲडव्हान्स (इंजिनच्या ओढीने स्पार्कची वेळ बदलणारा भाग) काम करतो तेव्हा पॉइंटची प्लेट थोडी फिरते आणि प्रत्येक वेळी ही वायर वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतले तांब्याचे तंतू तुटतात पण वरचं आवरण तसंच राहतं. बघणाऱ्याला वायर ठणठणीत. इंजिन आयडलवर मस्त चालतं, पाय दिला की प्लेट फिरते, तंतू सुटतात, इंजिन झटका खातं. पाय दिल्यावर झटका, म्हणजे मालकांच्या मते कार्ब्युरेटरच! ही वायर दोन बोटांत धरून हलकेच ताणून बघा, रबर बँडसारखी लांबली तर आत काही उरलेलं नाही. तिच्याबरोबर प्लेटला अर्थिंग देणारी अजून एक छोटी वायर असते, तीही बघा.

पेट्रोलकडे वळायचं तर एसयूचा इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत तो मागच्या बाजूला असतो आणि बोलतो. चावी फिरवा पण स्टार्टर मारू नका, टक-टक-टक होऊन थांबला तर ठीक. अजिबात आवाज नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत किंवा करंट पोचत नाही, बॉडीवर हलकेच ठोका मारल्यावर जागा झाला तर घरी पोचाल, पण आल्यावर आणून दाखवा, ठोकत ठोकत पुढची ट्रिप करू नका. थांबतच नाही, भराभर टकटकतोय, तर एकतर टाकी रिकामी (हसू नका, काटा खोटं बोलतो) नाहीतर पाइपातून कुठेतरी हवा ओढतोय.

आणि व्हेपर लॉक म्हणाल तर, पंप मागे असेल तर पुढच्या पाइपात पेट्रोल प्रेशरखाली असतं, त्यामुळे चालत्या गाडीला तो सहसा होत नाही. खरा त्रास होतो तो गरम गाडी पंधरा-वीस मिनिटं थांबवून पुन्हा सुरू करताना, कारण एमजीबीसारख्या गाड्यांत कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरच बसलेत आणि इंजिन बंद झालं की खालची उष्णता वर येऊन फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. थांबल्यावर बॉनेट उघडून ठेवा, मधली हीट शील्ड जागेवर आहे का ते बघा, बास. शील्ड "खडखडते" म्हणून काढून टाकलेल्या गाड्या आमच्याकडे येतात.

ट्रिपच्या आदल्या दिवशी काम का करत नाही

यावरून आमच्याशी भांडण होतं, म्हणून सांगून टाकतो. "उद्या निघतोय, आज सगळं नवीन टाकून द्या" याला आम्ही नाही म्हणतो. जुन्या गाडीत जो पार्ट बरेच महिने नीट चालतोय त्यावर आमचा विश्वास असतो, बॉक्समधून आत्ता काढलेल्यावर नसतो. नवीन पॉइंटचंच घ्या. त्याची फायबरची टाच कॅमवर घासून बसते, तोपर्यंत गॅप कमी होत जातो, गॅप कमी झाला की टायमिंग मागे जातं, टायमिंग मागे गेलं की इंजिन गरम आणि सुस्त. तुम्ही टेंपरेचरचा काटा बघून रेडिएटरवर संशय घेता. म्हणून पॉइंट टाकले की तीनेकशे किलोमीटर चालवून गॅप पुन्हा पंधरा थाउला (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) आणायचा आणि टायमिंग बघायचं, मग ट्रिप. निदान तीन आठवडे आधी गाडी आणा, मधल्या काळात तुम्हीच रोज चालवा, नंतर एक सकाळ आम्हाला द्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून देतो का, हो देतो, चांगलं चालतं, पण जुनी प्लेट, पॉइंट आणि कॉन्डेन्सर डिकीत ठेवायची अट असते, कारण इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं की रस्त्यात दुरुस्त होत नाही.

पेट्रोलच्या पाइपांचंही आत्ताच बघू. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने आतून सुटतं, ते बारीक काळे तुकडे थेट फ्लोट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. पाइपावर आर९ (इथेनॉल सोसणाऱ्या पाइपाची खूण) छापलेलं नसेल तर बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे आणि गाडीला आग लागण्यापेक्षा नक्कीच.

बाकी पटापट. ऑइल २०डब्ल्यू-५०, प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा, या इंजिनांना ऑइल लागतं त्यात लाज नाही. एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्येही इंजिन ऑइलच जातं, दुसरं काही ओतू नका. कार्ब्युरेटरच्या वरच्या काळ्या टोपीखाली डॅम्परमध्ये ऑइल आहे का बघा, तेवढं उघडायला आमची हरकत नाही. गाडी गरम होत असेल तर हीटर फुल करा, उकाडा सहन करा, आणि रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका. एमजीबीचे पाने इंचाचे लागतात, एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर) मापाचे, मेट्रिकने नट गोल होतो आणि मग तो काढणं हा वेगळा जॉब. वायर व्हीलच्या स्पिनरवर (चाकाच्या मधल्या मोठ्या नटावर) बाण असतो, तो बघून सोडवा आणि कॉपरच्या हातोडीने, लोखंडाच्या नाही. चाकं लावून थोडं चालवल्यावर स्पिनर पुन्हा एकदा ठोकून घ्या.

कोणी म्हणतं "या गाड्या लांब जायच्या नाहीतच, संडेला चक्कर मारायच्या." १९६६ साली नुर्बुर्गरिंगवर मॅरेथॉन द ला रूट नावाची ८४ तासांची स्पर्धा झाली, सलग साडेतीन दिवस-रात्र, ती एमजीबीने जिंकली, हेजेस आणि व्हर्नाएव्ह चालवत होते. गाडीत दम आहे. पॉइंट, प्लग, ऑइल आणि पाणी ज्याने बघितलं त्याची गाडी आजही दिवसभर पळते.

आमच्याकडे एक प्रवासाची पिशवी मिळते. पॉइंट, कॉन्डेन्सर, रिव्हेट नसलेला रोटर आर्म, डिस्ट्रिब्युटरची आतली वायर, फॅन बेल्ट, दोन होज क्लिप, फ्यूज, थोडी वायर आणि बुलेट कनेक्टर, आणि प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद, ज्यावर वर सांगितलेलं सगळं क्रमाने चित्रांसकट आहे. पिशवीतला कॉन्डेन्सर आणि रोटर आम्ही आधी चालत्या इंजिनवर गरम करून बघितलेले असतात, सरळ बॉक्समधून काढून देत नाही, किमतीतला फरक त्याचा आहे. जे वापरलं नाही ते सील न तोडता परत आणलंत तर परत घेतो.

पिशवी मागवताना डिस्ट्रिब्युटर २५डी आहे की ४५डी (ल्युकसचे दोन प्रकार) ते सांगा, दोन्हींचे पॉइंट, कॅप आणि रोटर वेगळे असतात आणि एकाचं दुसऱ्याला बसत नाही. बॉडीच्या बाजूला ठोकलेला नंबर असतो, वर ग्रीस साचलेलं असतं ते फडक्याने पुसा, टॉर्च तिरपी धरून फोटो काढा आणि पाठवा. गाडीच्या सालावरून अंदाज सांगू नका, इतक्या वर्षांत कोणी काय बसवलंय ते गाडीच्या कागदांवर लिहिलेलं नसतं.